उलटा डोंगर: इंदूरहून एका दिवसाच्या खोह-वाटा आणि घाटरस्ते

पुण्याहून, नाशिकहून इंदूरला राहायला आलेली मंडळी पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत एक प्रश्न हमखास विचारतात: इथे डोंगर कुठे आहेत हो? गच्चीवर उभं राहिलं तर रालामंडलची टेकडी सोडून चहूकडे सपाटीच दिसते, तेव्हा प्रश्न बरोबर आहे. मी त्यांना सांगतो, डोंगर आहे, पण आपण त्याच्या माथ्यावर राहतो.

इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंचीवर, माळव्याच्या पठारावर वसलेलं आहे. दक्षिणेकडे गाडीने तासभर गेलं की हे पठार एकाएकी तुटतं. खाली पसरलेलं असतं निमाड आणि नर्मदेचं खोरं. महेश्वरचा घाट दीडशे मीटरच्या आसपास आहे. मधला हा जो चारशे मीटरचा तुटलेला काठ, तोच आपला विंध्य. पठारावरचे ओढे हा काठ चिरत खाली उतरतात आणि अरुंद, खोल दऱ्या तयार होतात. इथली माणसं त्यांना खोह म्हणतात: काकडा खोह, गिदिया खोह, हत्यारी खोह. दगड सह्याद्रीचाच, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा काळा बसाल्ट. पण चालण्याचा हिशेब सह्याद्रीच्या अगदी उलटा आहे, आणि हा सगळा लेख त्या उलट्या हिशेबाविषयीच आहे.

सिंहगडावर किंवा ब्रह्मगिरीवर तुम्ही सकाळच्या गारव्यात चढता, माथ्यावर डबा खाता आणि दमल्यावर उतरता. पाय थकले तरी उतार तुम्हाला घरी आणतो. खोहेत तुम्ही सकाळी ताज्या पायांनी उतरता आणि भर दुपारी, दमलेल्या पायांनी, तापलेल्या दगडांमधून चढता. दिवसाचा अवघड भाग सगळ्यात शेवटी येतो आणि तो टाळता येत नाही, कारण गाडी वर उभी असते. वेळ, पाणी, खाणं, चपला-बूट, सोबत कुणाला न्यायचं, हे सगळं या एका गोष्टीवरून ठरवायचं.

आधी परतीची वेळ ठरवा

मला हे एका नोव्हेंबरात कळलं. सिमरोलच्या पुढे एका खोहेत आम्ही सहा जण उतरलो होतो. नऊला काठावरून निघालो आणि पन्नास मिनिटांत खाली कुंडावर. थंड हवा, उतार, गप्पा. कुणालाही दम लागला नाही. खाली डबे उघडले, पाण्यात पाय सोडून दोन तास बसलो, बाटल्या तिथेच रिकाम्या केल्या. बाराला चढायला लागलो. अर्ध्या वाटेवर माझ्या मावसभावाच्या दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले. पाच पावलं टाकायची आणि बसायचं. समोरच्या काळ्या कड्यावरून ऊन परत अंगावर येत होतं आणि वारा नावालाही नव्हता. पन्नास मिनिटांची वाट चढायला पावणेतीन तास लागले. काठावरच्या वस्तीत एका म्हाताऱ्या काकींनी घरातला माठ उचलून अंगणात आणून ठेवला. भावाला त्यांनी आधी चिमूटभर मीठ चाटवलं, मग पाणी दिलं, तेही दोन-दोन घोट, मध्ये थांबवून. पेला त्याच्या हाती त्यांनी दिलाच नाही. वाट मी ठरवली होती, वेळही मीच ठरवली होती. तेव्हापासून घरून निघण्याआधी मी कागदावर हिशेब मांडतो.

हिशेब असा. उतरायला जितका वेळ लागेल त्याच्या दुप्पट चढायला धरा. सोबत लहान मुलं किंवा साठीच्या पुढचं कुणी असेल तर अडीचपट. डिसेंबरात इंदूरला सातच्या सुमाराला उजाडतं आणि पावणेसहाला सूर्य मावळतो, पण खोहेच्या तळातलं ऊन त्याच्या दीड-दोन तास आधीच जातं. म्हणून काठावर परत पोहोचायची वेळ साडेतीन धरायची. तिथून मागे या. उतरायला एक तास, म्हणजे चढायला दोन. खालून दीडला निघायलाच हवं. अकराला उतरायला सुरुवात केलीत तरी खाली दीड तास मिळतो. नऊला केलीत तर आणखी बरं, फक्त तो वाचलेला वेळ खाली लोळण्यात घालवू नका, लवकर चढा.

दुसरी गोष्ट, 'कुंडापर्यंत जायचं' असं ठरवू नका, 'साडेबारापर्यंत जायचं' असं ठरवा. साडेबारा वाजले की जिथे असाल तिथून वळायचं, मग कुंड दोन वळणांवर का असेना. घड्याळाशी वाद घालता येत नाही, उत्साही माणसाशी तासभर घालावा लागतो. ही वेळ निघतानाच सगळ्यांना सांगा आणि घरी कुणाकडे तरी लिहून ठेवा: कुठल्या खोहेत, गाडी कुठे उभी, वर किती वाजता. खाली उतरलं की फोनची रेंज जाते, तेव्हा हा कागदच तुमचा फोन.

आपली कितीतरी मुलं अमेरिकेत शिकायला आहेत आणि सुट्टीत ग्रँड कॅन्यनला जातात. त्यांनाही हाच हिशेब पाठवा. तिथे कोलोरॅडो नदी काठापासून सुमारे दीड किलोमीटर खाली आहे, आणि काठावरून नदीपर्यंत जाऊन त्याच दिवशी परत यायचा प्रयत्न करू नका, असं तिथलं राष्ट्रीय उद्यान खातं स्पष्ट बजावतं. वर गार वारा असतो आणि तळाशी वाळवंटाचं ऊन. आपली खोह त्याच्या चौथ्या हिश्श्याची असेल, पण फसायची तऱ्हा एकच.

पाणी, खाणं, पाय

हिवाळ्यात माणशी तीन लिटर पाणी न्या, फेब्रुवारी उलटला की चार. मी तीन बाटल्या वेगवेगळ्या धरतो: एक उतरताना, एक खाली, एक चढताना. तिसरीच्या मानेला फडक्याची गाठ मारलेली असते आणि ती चढण सुरू झाल्याशिवाय उघडायची नाही. मुलं हा नियम मोठ्यांपेक्षा चांगला पाळतात. तिसऱ्या बाटलीत ओआरएस असावं. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मीठ यापेक्षा वाढवू नका. कुंडातलं पाणी कितीही निवळ दिसलं तरी पिऊ नका. वर काठावर गुरं चरतात आणि सगळं तिथूनच वाहत येतं.

सकाळी पोहे-जिलेबी खाऊन निघायला हरकत नाही, इंदूरकराला दुसरं काही सांगणं बरं दिसत नाही. वाटेत मात्र दशमी, धपाटे, गूळ-शेंगदाणे, संत्री अशा गोष्टी घ्या. चढणीच्या आधी पोट भरून जेवू नका. रतलामी सेवेचा पुडा बरा. खारट असतो आणि घामातून मीठच जात असतं. दाल-बाफले परत आल्यावर. ते खाऊन चढता येत नाही, हे मी खात्रीने सांगतो.

पायांची तयारी आदल्या रात्री होते. नखं कापा. उतारावर पाऊल बुटात पुढे सरकतं, अंगठ्याचं नख तासभर बुटाच्या टोकाला आपटत राहतं आणि दुसऱ्या दिवशी काळंनिळं होतं. बुटाची नाडी पंजावर सैल पण घोट्याशी घट्ट बांधा, म्हणजे टाच मागे धरून राहते. नवे बूट घालून जाऊ नका. उतरताना पावलं छोटी टाका, गुडघे किंचित वाकलेले ठेवा, आणि फार उभा उतार असेल तर अंग आडवं करून. जानेवारी ते मार्च सागाची पानं गळतात. वाटेवर त्या पानांचा वीतभर थर साचतो आणि खालची खडी दिसत नाही. कोरड्या पानावरून पाय सटकतो तो शेवाळावरून सटकल्यासारखाच. काठीने पानं बाजूला सारून मगच पाऊल टाका. काठी हवीच. आणि कड्यालगतचा सुटा दिसणारा चौकोनी दगड कधी धरू नका. बसाल्टला उभ्या भेगा असतात आणि भलामोठा धोंडा हातात निघून येतो.

पावसाळ्यात काठावरूनच

इथे मला थोडं सविस्तर बोलायचं आहे, कारण जीव जातात ते इथेच.

जूनच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरपर्यंत पातालपाणी, तिंछा, मोहाडी, गिदिया खोह, शीतलामाता हे सगळे धबधबे भरून वाहतात आणि रविवारी निम्मं इंदूर तिकडे लोटतं. पाहायला जरूर जा. पातालपाणीचा प्रपात तीनशे फुटांच्या आसपास आहे, आणि भर श्रावणात त्याच्या तुषारांनी समोरचा काठ ओला होतो. पण कठड्याच्या आत राहा, आणि खाली कुंडात किंवा वर प्रवाहात उतरू नका. बंदीचा फलक असेल तर तो तुमच्यासाठीच लावलेला आहे.

कारण पुन्हा तेच, डोंगर उलटा आहे. सह्याद्रीत ढग डोंगरावर दिसतो आणि तुम्ही सावध होता. इथे ओढ्याचं पाणलोट क्षेत्र वर, पठारावरच्या सोयाबीनच्या शेतांत पसरलेलं असतं, तुमच्या मागे दहा-पंधरा किलोमीटरवर. तिकडे तासभर कोसळतो, तुमच्या डोक्यावर लख्ख ऊन असतं, आणि काळ्या मातीने आधीच पोटभर प्यायलेलं असल्यामुळे सगळं पाणी एकदम ओढ्यात येतं. काठाशी पोहोचेपर्यंत त्याचा लोंढा झालेला असतो. २०११ च्या जुलैत पातालपाणीला असाच लोंढा आला आणि प्रवाहाच्या मधोमध दगडांवर उभी असलेली माणसं डोळ्यांदेखत वाहून गेली. पाणी वाढायला लागल्यापासून ते पाय उचलेपर्यंत फार थोडा वेळ मिळतो.

ऑक्टोबरात, पाऊस ओसरल्यावर कुंडापाशी बसलात तरी एक सवय ठेवा. पाण्याच्या अगदी कडेला एक ओळखीचा दगड ठेवा आणि दर दहा मिनिटांनी पाहा. दगड बुडाला, पाणी गढूळ झालं, काड्या-पानं-फेस वाहत आला, किंवा धबधब्याचा आवाज जड झाला, यातलं एकही दिसलं की सामान न आवरता उंचावर चढा. बॅग राहू दे. आणि कुणी गुराखी वरून ओरडला, "ऊपर बरस रहा है, निकलो," तर एकही प्रश्न न विचारता निघा. त्याला वरचं आभाळ दिसतं, तुम्हाला दिसत नाही.

चालण्यासाठी चांगले महिने ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत. फेब्रुवारीच्या शेवटी पळस फुलतो, पानं नसलेल्या काठावर केशरी ठिपके दिसतात. ते पाहायला लवकर निघा आणि दहा-साडेदहाला वर या. एप्रिल-मे खोहेत उतरण्याचे नाहीतच. निमाड माळव्यापेक्षा उंचीमुळेच दोन-अडीच अंशांनी गरम असतं, आणि बंदिस्त दरीत ते त्याहून जास्त जाणवतं.

घाटातली गाडी

ज्यांना चालायचं नाही, किंवा घरात आई-आजी आहेत, त्यांच्यासाठी माझा आवडता फेरा: इंदूर, महू, जाम दरवाजा, मंडलेश्वर, महेश्वर, धामनोद, आणि मुंबई-आग्रा महामार्गाने मानपूरवरून परत. सगळा मिळून १८० ते २०० किलोमीटर. दिशा हीच ठेवा. जामचा घाट अरुंद आणि वळणांचा आहे, तो सकाळी उजेडात, ताज्या डोळ्यांनी उतरावा. परतीची चढण महामार्गाच्या रुंद रस्त्याने करावी, म्हणजे दिवेलागणीला अरुंद घाटात समोरच्या दिव्यांनी डोळे दिपायची वेळ येत नाही.

महूवरून सातला निघालात तर जाम दरवाजाला कोवळं ऊन मिळतं. माळवा जिथे संपतो, नेमका त्या काठावर होळकरांनी हा दगडी दरवाजा बांधला, अठराव्या शतकाच्या अखेरीस, अहिल्याबाईंच्या काळात. राजधानी महेश्वर खाली आणि माळव्याचा मुलूख वर, त्यामुळे ही वाट राखणं त्यांना भागच होतं. दरवाजाच्या गच्चीवरून खाली पाहिलं की निमाडाकडे उतरणाऱ्या डोंगररांगा एकीमागे एक फिकट होत गेलेल्या दिसतात. पावसाळ्यात इथे इतकं धुकं येतं की दहा पावलांवरची गाडी दिसत नाही. तेव्हा दिवा खालचा ठेवा, वरचा प्रकाश धुक्यावरून परत डोळ्यांत येतो.

घाट उतरताना एकच नियम लक्षात ठेवा: ज्या गिअरमध्ये हा घाट चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरा. गाडीला इंजिन धरून ठेवू दे, ब्रेक वळणापुरता. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये सोडलेली गाडी चौथ्या-पाचव्या वळणावर ब्रेक तापवते, जळका वास येतो आणि पेडल मऊ पडतं. वास आला तर बाजूला घ्या, बॉनेट उघडून अर्धा तास थांबा, चाकावर पाणी ओतू नका. ऑटोमॅटिक गाडीत 'एल' किंवा मॅन्युअलचा पर्याय असतो, तो आदल्या दिवशी शोधून ठेवा. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. आंधळ्या वळणावर हॉर्न. महामार्गाच्या घाटात खाली येणाऱ्या जड ट्रकच्या पुढे राहू नका. त्याचा ब्रेक गेला तर तो तुम्हाला सांगायला थांबत नाही.

महेश्वरला तीन तास ठेवा. घाटावर अहिल्याबाईंची छत्री, वर किल्ला आणि त्यांची साधीसुधी गादी, आणि गल्ल्यांमधून चालणाऱ्या हातमागांचा खटखटाट. आपल्या घरातल्या बायका इथून लवकर निघत नाहीत आणि त्यांनी निघूही नये, पण चारला गाडीत बसायचं हे आधी ठरवून घ्या. नर्मदेत उतरायचं तर पायरीवर, दोरीच्या आत. वरच्या धरणांतून पाणी सोडलं की पात्र चढतं.

कुठून सुरुवात करायची

पहिल्यांदाच चालणाऱ्याने खोहेत उतरू नये. आधी रालामंडल. शहराला लागूनच, ७८२ मीटर उंचीच्या या टेकडीवर होळकरांची शिकारगाह आहे आणि वरपर्यंत बांधीव वाट. वर पोहोचल्यावर तुम्हाला सलग वाक्य बोलता येत नसेल, तर महिनाभर दर रविवारी इथेच या.

मग जानापाव. मुंबई-आग्रा महामार्गावरून महू सोडलं की उजवीकडे दिसणारा हा डोंगर साडेआठशे मीटरच्या वर जातो. डोंगर सुलटा आहे, आधी चढण आणि मग उतार, म्हणून सरावाला चांगला. वरपर्यंत गाडीरस्ता आहे. आजीला गाडीने पाठवा आणि तुम्ही पायवाटेने या. परशुरामाचं जन्मस्थान म्हणून मंदिरात गर्दी असते, कार्तिकी पौर्णिमेला जत्रा भरते. पण मला इथे थांबवतं ते कुंड. चंबळ इथे उगम पावते. या माथ्याच्या उत्तरेला पडलेला थेंब चंबळेतून यमुनेला, गंगेला आणि शेवटी बंगालच्या उपसागराला जातो. दक्षिणेला पडलेला कारम नदीतून नर्मदेला आणि अरबी समुद्राला. माथ्यावर उभं राहून मुलांना हे दाखवा. दोन्ही हात पसरून ती आपणहून सांगू लागतात, हा हात इकडच्या समुद्राचा, हा तिकडचा.

मांडवगड म्हणजे मांडू हा खोह पाहायचा सगळ्यात निवांत मार्ग. इंदूरहून शंभर किलोमीटरच्या आत. गावात शिरण्याआधी काकडा खोह लागते. पठार आणि मांडवगड यांच्यामध्ये निसर्गानेच खणलेला हा खंदक, आणि किल्ला इथेच का झाला याचं उत्तर. इथे कठड्यावरूनच पाहा. चालण्यासाठी माझी वाट अशी: गाडीने थेट शेवटपर्यंत, रूपमती मंडपाला जा, उजाडता उजाडता. मंडप निमाडच्या तोंडावर, साडेतीनशे मीटर खोल कड्याच्या टोकाला आहे. हवा स्वच्छ असेल तर दूर नर्मदेची रेघ चकाकते. तिथून पायी परत फिरा: बाज बहादूरचा महाल, रेवाकुंड, सागर तलाव, मग गावात होशंगशहाची संगमरवरी कबर, आणि शेवटी दोन तलावांच्या मधला जहाज महाल. सहा-सात किलोमीटर होतात, जवळपास सपाट, त्यामुळे सत्तरीची माणसंही आरामात चालतात. एकाने गाडी गावात आणून ठेवावी. वाटेत गोरखचिंचेची झाडं दिसतील, फुगीर बुंध्याची, आफ्रिकेतून आलेली. इथे त्यांच्या फळाला मांडूची इमली म्हणतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सीताफळं घ्यायला विसरू नका. नीलकंठच्या पायऱ्या उतरायला सोप्या वाटतात. तिथेही परत चढायचं आहे हे आजोबांना आधीच सांगा.

पातालपाणी ते कालाकुंड हा पट्टा आगगाडीने करावा. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी १८७० मध्ये इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले आणि त्यातून खंडवा-इंदूर लोहमार्ग झाला. त्याचा हा घाटातला तुकडा मीटरगेजचा, बोगदे आणि उंच पुलांचा. २०१८ च्या डिसेंबरात इथे हेरिटेज गाडी सुरू झाली. ती सहसा पावसाळ्याच्या सुमाराला, ठरलेल्या दिवशी धावते, तेव्हा दिवस आणि आरक्षण आधी पाहून घ्या. कालाकुंडला पळसाच्या पानात मिळणारा कलाकंद खा. रुळांवरून चालत जाण्याचा मोह अनेकांना होतो. तो गुन्हा तर आहेच, शिवाय पुलावर बाजूला व्हायला जागा नसते.

देवास जिल्ह्यात बागलीच्या बाजूला कावडिया पहाड आहे, तो वेगळा दिवस काढून पाहण्यासारखा. लाव्हा थिजताना आकसला आणि त्याचे बहुकोनी खांब झाले, असे हजारो खांब तिथे रचून ठेवल्यासारखे पडलेले आहेत. गारगोटीने वाजवलं तर धातूसारखा आवाज येतो. हळूच वाजवा, फोडू नका, आणि तुकडा घरी आणू नका.

जंगलातल्या इतर गोष्टी

महूच्या आसपास लष्कराच्या फायरिंग रेंज आहेत. फलक किंवा लाल झेंडा दिसला की मागे फिरा. आणि जंगलात, ओढ्यात, कुठेही गंजलेली धातूची नळकांडी किंवा तोफगोळ्यासारखं काही दिसलं तर पायानेही स्पर्श करू नका. न फुटलेला गोळा असू शकतो. मुलांना हे गाडीतून उतरण्याआधीच सांगायचं.

कड्यांना आग्या मोहोळं लटकलेली असतात. अत्तर, परफ्यूम, धूर, आरडाओरडा, चारही बंद. माश्या उठल्या तर हात न झाडता, तोंड फडक्याने झाकून लांब पळा. साप चावला, घोणस असो की फुरसं, तर कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही. तो पाय हलू न देता माणसाला उचलून वर आणा आणि १०८ ला फोन करून सरळ मोठ्या रुग्णालयात न्या, इंदूरला एमवाय आहे. चोरल-मानपूरच्या जंगलात बिबटे आहेत, आणि २०२३ च्या उन्हाळ्यात तर महूच्या परिसरात वाघ वावरत होता. म्हणून मुलांना पुढे धावू देऊ नका आणि अंधाराआधी गाडीपाशी या.

काठावरच्या वस्त्या भिल-भिलालांच्या आहेत. आधी राम-राम, मग वाट विचारा. कुणी गावातला मुलगा वाट दाखवायला आला तर मजुरी आधी ठरवा आणि पूर्ण द्या. वाट तो ठरवेल. पाणी आणि वेळ मात्र तुम्हीच सांभाळा.

आता माझा बेत सांगतो, हवा तर उचला. नोव्हेंबरात रालामंडल दोनदा. डिसेंबरात जानापाव, पायवाटेने. वर्षअखेरीला घरच्यांना घेऊन मांडू. आणि जानेवारीच्या एखाद्या रविवारी, वाट माहीत असलेल्या माणसाबरोबर, पहिली खोह: नऊला काठ सोडायचा, साडेबाराला जिथे असाल तिथून वळायचं, गाठ मारलेली बाटली चढणीच्या पहिल्या पायरीला उघडायची. वर आल्यावर पहिलं काम म्हणजे घरी फोन. त्यांच्या कागदावर साडेतीन लिहिलेलं आहे आणि तीनपासून त्यांची नजर घड्याळावर आहे.